देवीच्या नावाचा बोकड

उत्तमसिंग फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि हिंगोलीत हळदीच्या एका गोदामावर पहारेकरी म्हणून लागला. दुपारी खुर्चीत बसून युद्धकथा लिहायचा. मी आमच्या लहानशा दिवाळी अंकाचा संपादक; लोकांना शहाणपण शिकवायची माझी खोड जुनीच.

त्याची पहिली कथा अशी: संतोष नावाचा जवान खिशात मरीआईचा अंगारा घेऊन चौकीवर उभा असतो, गोळा पडतो, तो मरतो. संपलं.

"अहो, वाचकांना काही श्रद्धा-बिद्धा द्याल की नाही?" मी म्हणालो. "अंगारा आहे ना खिशात? मग देवीला कामाला लावा. पोरगा वाचला पाहिजे."

उत्तमसिंगनं कागद परत घेतले. मग म्हणाला, "वाचवतो. नाव मातर संतोषच राहू द्या."

का, ते मी विचारलं नाही.

अंक निघाल्यावर आठवड्यानं तो मला साखरा गावाकडच्या त्याच्या बंजारा तांड्यावर घेऊन निघाला. संतोष याच तांड्यातला, त्याच्याच तुकडीतला, आणि सहा वर्षांपूर्वी खरोखर मेलेला, हे मला मोटारसायकलवर मागे बसल्यावर कळलं. मला माझीच शरम वाटली.

संतोषची आई जमनाबाई अंगणात बसली होती. शेजारी खुंट्याला म्हातारा बोकड. लेक सुखरूप परतला तर तुला बोकड देईन, असा तिनं मरीआईला नवस बोलला होता. लेक पेटीतून आला. नवस अर्धवट राहिला, म्हणून देवीच्या नावाचा बोकड विकताही येईना, कापताही येईना. सहा वर्षं ती त्याला पाला घालत होती. आता संतोषच्या लेकीनं, रीतानं, तिला आमची कथा वाचून दाखवली होती.

"याडी," उत्तमसिंग म्हणाला. तांड्यात आईला याडी म्हणतात. "ती नुसती गोष्ट हाय."

"मला म्हाईत न्हाई का? माझ्यासमोरच जाळला त्याला." तिच्या आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. "पण तू जिता आणलास ना? मंग नवस फेडावा लागंल."

बोकड कापला, पंगत बसली. जमनाबाईनं स्वतः वाढलं. उत्तमसिंग मान खाली घालून जेवत राहिला.

निघताना तिनं त्याला थांबवलं. "फुडच्या गोष्टीत त्याला सुट्टीवर धाड. येकदा घरी जेवून जाऊ दे."

"व्हय, याडी," तो म्हणाला.