पाचवा पत्ता उघडल्यावर

सासऱ्यांना पक्षाघात झाला तेव्हा त्यांचा उजवा हात गेला आणि भाषा गेली. उरला एकच शब्द, ‘चला’. चहा हवा असला तरी ‘चला’, नको असला तरी ‘चला’. अख्खी हयात मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये फिटर म्हणून काढलेला हा रत्नागिरीकडचा माणूस माजिवड्याच्या आमच्या घरात खिडकीशी बसून राहायचा. आणि आम्ही त्यांच्याशी, लाज वाटते सांगताना, लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्या आवाजात बोलायला लागलेलो.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी चित्रांची कार्डं दिलेली. सफरचंद, कप, छत्री. मी रोज दुपारी ती समोर धरायचे. एक दिवस बाबांनी डाव्या हाताने ती सगळी खाली लोटून दिली, कपाटाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “चला.” कपाटात त्यांची बोटीवरची पेटी होती. तिच्यात पत्त्यांचे दोन कॅट निघाले.

त्यांनी मला दोन पत्ते उपडे वाटले, स्वतःला दोन. मला रमी सोडून काही येत नव्हतं. संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला आणि टेबल बघून दारातच थांबला.

“अगं, हा पोकर आहे. बोटीवर खेळायचे ते. मला दहावीच्या सुट्टीत शिकवलेला त्यांनी.”

मग त्याने मला शिकवलं. प्रत्येकाला दोन पत्ते, मध्ये सगळ्यांचे मिळून पाच; आपले आणि मधले जुळवून ज्याचा संच मोठा, तो जिंकतो. पहिले तीन एकदम उघडतात, मग चौथा, मग पाचवा. आमच्याकडे नाणी म्हणून चिंचोके. बोटीवरचा नियम असा की लावायचं ते ठरलेलंच. पहिल्या दोन फेऱ्यांना दोन चिंचोके, नंतरच्या दोन फेऱ्यांना चार. त्याहून कमी नाही की जास्त नाही. लावायचं नसेल तर टेबलावर बोटाने टकटक करायची, म्हणजे ‘चेक’. कुणी लावलं की समोरच्याने तेवढेच भरून ‘बघायचं’, तेवढ्यानेच वाढवायचं, नाहीतर पत्ते टाकून द्यायचे. या खेळात बोलावं लागतच नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दुपारी आम्ही दोघं खेळायचो, रविवारी तिघं. मी पाचवा पत्ता उघडला की घाबरायचे. आता आणखी पत्ता येणार नाही. जे आहे ते आहे. मी टकटक करायचे आणि पत्ते दाखवून मोकळी व्हायचे.

एका रविवारी बाबांनी पत्ते टाकून दिले आणि मी नि नवरा उरलो. माझ्याकडे राजा आणि गुलाम. मध्ये राजा, नव्वी, छक्की, तिर्री आणि शेवटी दुर्री. नवऱ्याने टकटक केली. मीही केली. त्याच्याकडे एक्का आणि नव्वी निघाली, म्हणजे नुसती नव्व्यांची जोडी. माझी राजांची. मी जिंकले, चिंचोके ओढायला लागले, तर बाबांनी माझं मनगट धरलं.

“चला,” ते म्हणाले. रागाने.

“काय झालं बाबा? जिंकले ना मी?”

त्यांनी मान हलवली. दुसरा कॅट जवळ घेतला आणि एका हाताने त्यातले पत्ते शोधून जोड्या मांडायला लागले. उजवीकडे राजा-दश्शी, राजा-अठ्ठी, एक्का-नव्वी, राणी-नव्वी, दोन दश्श्या. डावीकडे राजा-राणी, राजा-नव्वी, राजा-एक्का. कॅटमधले राजे संपले की पहिल्या कॅटमधले उचलायचे. एक्का-राणी काढली आणि ती मात्र उपडी करून लांब सरकवली. मग डावीकडच्या राजा-एक्क्यावर बोट ठेवून ते थांबले, मुलाकडे बघून हसले, आणि ती जोडी परत उचलून घेतली.

“ती का काढली?” मी विचारलं.

नवरा हळू आवाजात म्हणाला, “कारण राजा-एक्का असता तर मी आधीच वाढवलं असतं. माहितीय त्यांना.”

मी त्या रांगांकडे बघत राहिले. आणि एकदम उलगडलं. उजवीकडे होते ते सगळे हात, जे घेऊन नवऱ्याने माझ्या चार चिंचोक्यांवर आपले चार भरून बघितलं असतं आणि हरला असता. डावीकडे, जे घेऊन बघितलं असतं आणि जिंकला असता. राजांची जोडी दोघांकडे असली की बाजूचा मोठा पत्ता जिंकतो, आणि राजा-नव्वीच्या तर दोन जोड्या होतात. उपडी जोडी, जी त्याने टाकूनच दिली असती. तिचा विचारच करायचा नव्हता. मी पुढे आहे का, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता, मी लावलं तर समोरचा काय घेऊन येईल? उजवीकडे पाच जोड्या. डावीकडे दोन.

“म्हणजे मी लावायला हवं होतं,” मी म्हणाले.

बाबांनी डोळे मिटून मान डोलावली.

कप आणि छत्री ज्यांना ओळखता येत नाही असं आम्ही धरून चाललेलो, त्या माणसाने मुलाच्या मनातले आठ हात टेबलावर मांडून, त्यातला एक त्याचा स्वभाव ओळखून मागे घेतला होता. नवरा उठून आत गेला. परत आला तेव्हा चेहरा धुतलेला होता. “सगळं आत आहे गं,” एवढंच म्हणाला.

पुढच्या रविवारी तसाच प्रसंग आला आणि मी चार चिंचोके पुढे केले. नवऱ्याने बघितलं, आणि राजा-राणी दाखवून जिंकला. मी बाबांकडे पाहिलं. ते इतके खूश होते की डाव्या हाताने माझी पाठ थोपटत होते. हरले तरी निर्णय बरोबर होता.

त्या दिवसापासून आम्ही त्यांच्याशी मोठ्याने बोलणं सोडलं. घराच्या सोसायटीची कागदपत्रं, माझ्या घरून चालणाऱ्या नोकरीचा बदल, सगळं त्यांच्यासमोर ठेवतो आणि थांबतो. शब्द फारसे परत आले नाहीत. माझं नाव मात्र येतं, कधीकधी.

परवा आम्ही दोघंच होतो. पाचवा पत्ता पडला आणि त्यांनी टकटक केली. माझ्या हातात काहीच नव्हतं, पण वाटलं, यांचे पत्ते कच्चे दिसतायत, थाप मारून टाकायला लावू. मी चार लावले. त्यांनी लगेच बघितलं आणि तीन अठ्ठ्या उघड्या केल्या.

“एवढं होतं तर तुम्ही का नाही लावलं, बाबा?”

त्यांनी माझे पत्ते उचलले, पालथे केले आणि लांब फेकल्यासारखा हात केला. मी लावलं असतं तर तू पत्ते टाकून पळाली असतीस.

खरंच पळाले असते. मी पत्ते गोळा करायचे विसरून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसले.