तिकडून रिक्वेस्ट आलेली नाही

“तिकडून रिक्वेस्ट आलेली नाही,” ग्रॅहम म्हणाला.

“तिकडचा मोबाइल टॉवर पडलाय. वीज नाही. पूल वाहून गेलाय. रिक्वेस्ट येणार कशी?” मी विचारलं.

“मला कळतंय, अनघा. पण हेलिकॉप्टर्स मोजकीच आहेत. जिथून कन्फर्म्ड नीड येते तिथे आम्ही पाठवतो.”

“आणि ती कन्फर्म कोणी करायची?”

“तिथल्या कोणीतरी.”

आपण काय बोललो हे त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण त्याने बिस्किटांचा डबा माझ्यापुढे केला.

हे चाललं होतं गावच्या टाउन हॉलमध्ये. सायक्लोन येऊन गेल्यावर तिथे इमर्जन्सी सेंटर उघडलं होतं. ग्रॅहम एरवी काउन्सिलचा स्विमिंग पूल सांभाळतो. इथे अशा वेळी काउन्सिलच्या माणसांनाच जॅकेट घालून खुर्चीवर बसवतात. माणूस सज्जन. पण मी रोज सकाळी जायचे आणि तो रोज म्हणायचा, “आय हॅव एस्केलेटेड इट.” म्हणजे आपल्याकडचं ‘वर कळवलंय’. वर कोण बसलंय आणि ते खाली कधी बघणार, हे त्यालाही माहीत नव्हतं.

मी फार्मसिस्ट आहे. मूळची पुण्याची. घर हॅमिल्टनजवळ रोटोटुनाला. त्या वर्षी नॉर्थ आयलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात लोकम म्हणून गेले होते. लोकम म्हणजे दुसऱ्याचं दुकान काही महिने चालवणारी बदली फार्मसिस्ट. दुकानाची मालकीण लिंडा हिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती कुबड्या घेऊन काउंटरमागे बसून मला सूचना देत असे.

गावापासून आत, डोंगरांमधल्या खोऱ्यात एक वस्ती आहे. तिथे फार्मसी नाही. म्हणून दर गुरुवारी आम्ही औषधांच्या पिशव्या एका टोपलीत भरून व्हॅनने तिथल्या डेअरीत पाठवायचो. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान, दुधाशी तिचा संबंध बेताचाच. लोक आपापली पिशवी तिथून उचलायचे. या व्यवस्थेला डेपो म्हणतात. मी स्वतः खोऱ्यात कधीच गेले नव्हते. तिथली माणसं मला लेबलांवरून माहीत होती. कोणाला रक्त पातळ करण्याची गोळी, कोणाला फिट्सची, कोणाला इन्सुलिन.

वादळाचा तो गुरुवार टोपली न जाता गेला. टोपली दुकानात मागच्या खोलीत तशीच पडून होती, इन्सुलिनची पेनं फ्रिजमध्ये. येता-जाता मला ती दिसायची आणि डोक्यात तिडीक जायची. इन्सुलिन संपल्यावर माणसाचं काय होतं हे कॉलेजात पाठ केलेलं होतं. खोऱ्यात नेमकं कोणाचं संपलंय हे मात्र कळायला मार्ग नव्हता.

पुढचा गुरुवार उजाडला. मी पुन्हा टाउन हॉलमध्ये गेले, पुन्हा तेच ऐकलं, आणि परत येऊन लिंडाला सांगितलं, “मी जाते.”

“कशी? पोहत?”

“पीट नेईल का?”

पीट आमचं गिऱ्हाईक, ब्लडप्रेशरचं. त्याचं छोटं हेलिकॉप्टर आहे. एरवी तो त्यातून बागांवर फवारणी करतो. मदतकार्यासाठी त्याने पहिल्याच दिवशी नाव दिलं होतं. तेव्हापासून हेलिकॉप्टर शेडसमोर उभं होतं आणि तो टास्किंग नंबरची वाट बघत होता. तो नंबर मिळाला म्हणजे सरकारी कामावर उडायचा हुकूम मिळाला.

मी फोन केला तेव्हा तो वैतागलेलाच होता. “नंबर गेला खड्ड्यात,” तो म्हणाला. “माझी बहीण राहते त्या खोऱ्यात. तिच्या पॅडॉकमध्ये, कुरणात उतरायला मला तिच्याशिवाय कोणाची परवानगी लागत नाही. आकाशात बंदी आहे का ते मी विचारून घेतलंय, नाहीये. वजन किती?”

“माझं की औषधांचं?”

“दोन्ही.”

आयुष्यात पहिल्यांदा मी वजन खरं सांगितलं.

लिंडाने कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि बसल्या बसल्या माझ्याबरोबर सामान भरलं. टोपलीतल्या पिशव्या, चिली बिन म्हणजे थंड पेटीत बर्फाच्या पॅकसोबत इन्सुलिन, शुगर आणि किटोन बघायची मीटर्स. प्रिस्क्रिप्शन संपलं असेल तरी ओळखीच्या पेशंटला थोड्या दिवसांचं औषध फार्मसिस्ट स्वतःच्या जबाबदारीवर देऊ शकतो. इमर्जन्सी सप्लाय म्हणतात त्याला. “सढळ हाताने दे,” लिंडा म्हणाली. “कोणी विचारलं तर माझं नाव सांग. मला धावत पळून जाता येणार नाही, त्यामुळे मी सापडेनच.”

वरून खोरं दिसलं. हिरवं म्हणून काही उरलंच नव्हतं. कुंपणाच्या तारांत झाडं अडकलेली, घरांच्या खिडक्यांपर्यंत गाळ. फक्त उंचावरचा माराए कोरडा होता. माराए म्हणजे माओरी लोकांचं सभागृह आणि त्याभोवतीचं आवार. सगळं गाव तिथे राहायला आलं होतं, हे धुरावरून कळत होतं.

आम्ही माराएशेजारी पीटच्या बहिणीच्या पॅडॉकमध्ये उतरलो. मी चिली बिन उचलून तडक फाटकाकडे निघाले. फाटकात गमबूट घातलेल्या एक वयस्कर बाई उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला.

“किया ओरा. कोण तू?”

“अनघा. फार्मसीतून आलेय. औषधं आणलीत. आत येऊ?”

“येशील. थांब जरा. माणसं गोळा होऊ देत.”

या फाया मेरे. फाया म्हणजे आपल्याकडे मावशी किंवा काकू म्हणतो तसं. पाहुणा पहिल्यांदा माराएवर आला की त्याचं रीतसर स्वागत होतं, हे मला माहीत होतं. पण आज? अशा अवस्थेत?

“फाया, घाई आहे हो. लोकांची औषधं संपली असतील.”

“संपलीच आहेत,” त्या शांतपणे म्हणाल्या. “म्हणून तर सगळ्यांना बोलावते. छोटंच करू. पण माणसाला दारातून परस्पर आत घ्यायची आमच्यात रीत नाही, डिअर. वादळ आलं म्हणून तर नाहीच नाही.”

पीट शेजारी टोपी काढून उभा राहिला होता. मी मनातल्या मनात चरफडले. सरकारने आठवडाभर थांबवलं, आता हे. पण करणार काय, चिली बिन खाली ठेवलं आणि उभी राहिले.

आतून एका बाईने हाक घातली. लांब, गाण्यासारखी. आम्ही आवारात गेलो. कोणी स्वयंपाकघरातून हात पुसत आलं, कोणी फावडं बाजूला ठेवून. एक आजोबा माओरीत थोडंसं बोलले, सगळ्यांनी एक गाणं म्हटलं. मग सगळे ओळीत उभे राहिले आणि होंगी सुरू झाली. होंगी म्हणजे कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवून एकमेकांचा श्वास घ्यायचा.

पहिल्या दोघा-तिघांशी मी अवघडूनच केली. मग नावं ऐकू यायला लागली आणि मला मजा वाटायला लागली. प्रत्येक नावासरशी माझ्या डोक्यात आधी गोळी उमटायची आणि मग समोर चेहरा दिसायचा. हे वॉरफरिन. या थायरॉइड, सकाळी उपाशीपोटी. ही माझी लेबलं होती, जिवंत, चिखलाने माखलेली, आणि मला थॅंक्यू म्हणत होती.

ओळीच्या शेवटी भिंतीला टेकून एक मुलगी उभी होती. विशीची असेल. हातात टी-टॉवेल. “टियाना,” ती म्हणाली. हे नाव माझ्या कुठल्याच लेबलवर नव्हतं.

मी कपाळ टेकवलं, श्वास घेतला, आणि तशीच थांबले.

तिच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास होता. त्यात थोडा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखाही. शरीराला इन्सुलिन मिळालं नाही की साखर रक्तात असूनही वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून किटोन नावाचे आम्ल पदार्थ साठतात आणि त्यांचा वास श्वासाला येतो. वास यायला लागला म्हणजे पाणी डोक्यावरून जायच्या बेतात आहे.

“तुला डायबेटिस आहे?” मी हळूच विचारलं.

ती दचकली. “हाउ डिड यू नो? टाइप वन. आयम फाइन, जस्ट टायर्ड.”

“इन्सुलिन?”

ती ऑकलंडला शिकत होती. आजीकडे वीकएंडला म्हणून आलेली, बरोबर एकच पेन. पूल गेल्यावर ती अर्धा डोस घ्यायला लागली. मग त्याच्याही अर्धा. सकाळपासून उलट्या होत होत्या.

“कोणाला सांगितलं का नाहीस?”

“इथे सगळे म्हातारे आहेत. त्यांना जास्त गरज असेल असं वाटलं. आणि सांगून काय, रस्ता कुठे होता?”

मी तिच्या बोटाला सुई टोचून मीटर लावलं. आकडा तिला दाखवला नाही, फाया मेरेंना दाखवला. माझ्याकडे इन्सुलिन होतं, तिचा डोस तिला लगेच घ्यायला लावला. पण एवढ्याने आता भागणार नव्हतं. सलाईन हवं होतं आणि तासातासाला रक्त बघणारं हॉस्पिटल हवं होतं.

मी मान वर केली तेव्हा पीट हेलिकॉप्टरकडे निघालासुद्धा होता.

हेलिकॉप्टरमध्ये टियाना आणि सोबतीला तिची मामी बसली. मलाही जागा होती. पण टोपली अजून उघडलीही नव्हती. “तू हिला पोचव. संध्याकाळी मला न्यायला ये,” मी पीटला म्हणाले. तो गेला आणि दुपारी ढग असे उतरले की समोरचा डोंगर दिसेना. मी माराएवरच राहिले. जेवणाच्या लांब टेबलावर दुकान मांडलं. एकेक जण चहाचा मग घेऊन यायचा, आपली पिशवी घ्यायचा, आणि जाता जाता आणखी कोणाकोणाचं काय संपलंय ते सांगायचा. फाया मेरेंनी मला भाजलेलं मटण वाढलं. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर एवढ्या गडबडीत त्यांनी मला वेगळी रताळी उकडून दिली.

सकाळी ढग विरले आणि हेलिकॉप्टरचा आवाज आला. पीटचं नव्हतं. मोठं होतं, सरकारी. सगळं आवार बाहेर धावलं. हेल्मेट घातलेला एक तरुण उतरला आणि ओरडून म्हणाला, “अनघा कोण आहे?”

“मी.”

“स्ट्रँडेड हेल्थ वर्कर, एक पॅसेंजर. कन्फर्म्ड रिक्वेस्ट आहे.”

पीटकडून कळल्यावर लिंडाने रात्री ग्रॅहमला फोन करून आपली फार्मसिस्ट खोऱ्यात अडकल्याचं सांगितलं होतं. झालं. घोडं जिथे अडलं होतं तिथून सुटलं. आठवडाभर एका अख्ख्या गावासाठी जे मशीन हललं नाही, ते माझ्या एकटीसाठी पहाटे निघालं होतं.

“सामान काय आणलंत?” मी विचारलं.

तो चाचरला. “टास्क पिकअपचं होतं. रिकामंच आलोय.”

संताप इतका झाला की मला उलट शांत वाटायला लागलं. मी म्हटलं, “मी बसणार नाही. माझ्या जागी हे आजोबा येतील, यांचं ऑक्सिजनचं मशीन जनरेटरवर चाललंय आणि डिझेल संपत आलंय. त्यांच्याबरोबर या दोन आजारी आज्या. आणि तुमचा रेडिओ मला द्या.”

त्याने मागे पायलटकडे बघितलं. पायलटने मान डोलावली. रेडिओवर दोन-तीन आवाज बदलले आणि शेवटी ओळखीचा आवाज आला.

“ग्रॅहम, किया ओरा,” मी म्हटलं. “मी तिकडून बोलतेय.”

“अनघा?” त्याने विचारलं.

“रिक्वेस्ट करतेय. डिझेल, प्यायचं पाणी, बाळांचं दूध, एक नर्स. सगळं कन्फर्म्ड आहे. तिथल्या कोणीतरी केलंय.”

“कॉपी,” ग्रॅहम म्हणाला, म्हणजे निरोप पोचला. मग हळू आवाजात, “थँक यू, अनघा.”

त्या दुपारपर्यंत तीन फेऱ्या झाल्या. पीटलाही त्याचा नंबर मिळाला.

मी गावात परतल्यावर हॉस्पिटलमधून फोन आला. डॉक्टर शिर्के, कोल्हापूरचे. “मॅडम, पोरगी बरी आहे. उठून बसलीय, चीज टोस्ट मागतीय. अजून एक दिवस गेला असता तर अवघड होतं बघा. पण मला सांगा, तिकडं लॅब नाही, काही नाही, तुम्हाला कळलं कसं?”

“होंगी केली.”

“आमच्या वॉर्डात मास्क लावून असतो आम्ही,” ते म्हणाले.

महिन्याभराने सायक्लोनची डीब्रीफ मीटिंग झाली. डीब्रीफ म्हणजे काय बरोबर झालं आणि काय चुकलं हे सगळ्यांनी मिळून बोलायचं. पडद्यावर खोऱ्याचं नाव आलं. पुढे लिहिलं होतं, ‘रिक्वेस्ट मिळताच तातडीने प्रतिसाद.’ आणि ते शब्दशः खरं होतं. घड्याळ रिक्वेस्टपासून लावलं होतं.

मी उठायच्या आत ग्रॅहम उठला. “ही ओळ काढा,” तो म्हणाला. “तिथून आवाज येत नव्हता, म्हणून तिथेच आधी जायला हवं होतं.” वरच्या ऑफिसातून आलेल्या बाईंनी ‘नोटेड’ म्हटलं. त्या मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे इतिवृत्त, अजून आलेले नाहीत.

माझ्यापुरतं मी ठरवून टाकलं. लोकम संपेपर्यंत दर गुरुवारी टोपलीबरोबर पीटच्या हेलिकॉप्टरने मीच जात होते. फाटकात थांबायचे, हाक आली की आत जायचे. पाहुणी राहिले नव्हते तरी ओळीतल्या प्रत्येकाशी होंगी करायचे. पीट म्हणायचा, किती वेळ घालवतेस. मी म्हणायचे, सरकारपेक्षा कमी.