चौथा पट्टा

म्हादबा गेल्याचं मला कळलं ते कंपनीच्या कँटीनमध्ये, चहा घेताना. बॉयलरवरचा एक कामगार सहज म्हणाला, "साहेब, तुमचा तो रहाटणीचा माळी गेला परवा." 'तुमचा' हे त्यानं मुद्दाम म्हटलं की काय, असा संशय मला लगेच आला. माझा स्वभावच तसा. घराला कुलूप लावून दहा पावलं गेल्यावर परत येऊन ते ओढून बघणारा मी माणूस. ती बातमी कळल्याला आता तीन आठवडे झाले...

सत्तरच्या आसपासची गोष्ट. पिंपरीच्या आमच्या कारखान्यात शेतीची औषधं बनत. मी नवा केमिस्ट, अजून कायम न झालेला. नदीपलीकडे कारखान्यांच्या बड्या साहेबांसाठी गोल्फचं मैदान केलं होतं. तिथे चेंडू घालायच्या, झेंडी लावलेल्या खड्ड्याभोवतीची हिरवळ अगदी बारीक कापलेली असे, आणि पाऊस सरून दव पडायला लागलं की तिच्यावर बुरशी येऊन रुपयाएवढी पिवळी टकलं पडत. चीफसाहेब म्हणाले, "आपलं नवं औषध यावर चालतं का बघा. चाललं तर तुम्ही कायम." त्यांनी दिलेल्या हिरवळीचा माळी म्हादबा. पन्नाशीचा, शिडशिडीत, गवतावर जाताना वहाणा बाहेर काढून ठेवणारा.

मी चुन्यानं चार पट्टे आखले. तीन पट्ट्यांवर औषध, कमी-जास्त. चौथा कोरा, म्हणजे औषधावाचून काय होतं ते कळावं. म्हादबाला बजावलं, "याच्यात पाय ठेवायचा नाही. औषधाला हात लावायचा नाही."

"आन् ह्ये मेलं तर?"

"मरू दे. मरायलाच ठेवलंय त्याला."

तो माझ्याकडे बघत राहिला फक्त. ते बघणं मला तेव्हाच खटकलं होतं.

महिना झाला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या माळ्यांच्या हिरवळींवर टकलंच टकलं. आमचे औषधाचे तिन्ही पट्टे स्वच्छ. आणि चौथाही स्वच्छ! चीफसाहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "औषध फवारलंत की पाणी?" माझी नोकरी त्या पट्ट्यावर टांगलेली. माझ्या डोक्यात एकच आलं, हा माणूस चोरून औषध मारतोय. मी डब्याच्या झाकणाला दोरा बांधला. दोरा जागच्या जागी. रोज वजन केलं. चिमूटभर कमी नाही. चुन्याच्या रेघेवर पाऊल शोधलं, रेघ अखंड. इतकं नीटनेटकं आहे म्हणजे पक्का आहे गडी, असं मी धरून चाललो. दुसऱ्या कंपनीचं औषध आणत असेल म्हणून तंबाखू मागायच्या निमित्तानं त्याचा हात हुंगला. हाताला तंबाखूचाच वास. शेवटी तोंडावर विचारलं.

"न्हाई सायेब. औषधाला हात लावला न्हाई. पट्ट्यात पाय ठेवला न्हाई."

शब्दाला शब्द लावून दिलेलं ते उत्तर मला फार हुशारीचं वाटलं. मी लेखी तक्रार केली. त्याला मैदानावरून काढून कंपनीच्या भंगाराच्या आवारात राखणीला बसवलं. सिमेंटची जमीन, औषधाला म्हणूनसुद्धा गवताचं पातं नाही. पुढच्या हंगामात माळी नवा, पट्टे तेच. चौथा पट्टा टकलांनी भरून गेला, औषध पास झालं, मी कायम झालो. बघा, म्हटलं ना मी! दहा-बारा वर्षं मी हे छाती काढून सांगत आलो. आवाराच्या फाटकावर म्हादबा मला रामराम घालायचा, तर त्यातही मला खोच दिसायची.

तो गेल्यावर रहाटणीला जाऊन आलो. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. त्याची बायको काशीबाई दारात बसली होती. ओटीच्या कडेला वळचणीखाली एक लांबलचक बांबू आडवा टांगलेला, शेंड्याकडं घासून गुळगुळीत झालेला. "हा कशाचा?" मी विचारलं. सवयच ती.

"दव झाडायचा," ती म्हणाली. "तुमी चुना मारला त्या सालचा. तिघांना औषध दिलं आन् चवथ्याला उघड्यावर टाकलं, त्याचं कोन हाय, म्हनायचे. रोज पहाटं जायचे. रेघंच्या भाईर हुबं ऱ्हाऊन ह्यो फिरवायचे. पाय ठिवायचा न्हाई म्हनला व्हता ना तुमी."

बुरशीला ओलं पातं लागतं, हे मी पुस्तकात वाचून पास झालेला माणूस. रोज नऊला जायचो, तेव्हा उन्हानं सगळंच कोरडं झालेलं असे. औषधावाचून गवत वाचवायची रीत त्या माणसानं माझ्या डोळ्यांसमोर सिद्ध करून दाखवली होती, आणि मी झाकणाला दोरे बांधत बसलो होतो. मी चुकलो. फार वाईट चुकलो. "मला सांगितलं का नाही त्यांनी?"

"तुमी औषधाचं इचारलं. त्याचं खरं ते सांगितलं. त्येच तुमी खोटं धरलं, मंग दवाचं कोन खरं धरनार?"

मी म्हटलं, "काशीबाई, हा बांबू मला द्याल का?"

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. इतकी वर्षं मी तशीच नजर त्याच्यावर रोखली होती.

"कशापायी? आता ह्याची बी तपासनी करायची हाय व्हय?"

उत्तराची वाट न बघता ती उठली. बांबू खाली काढला, दोन्ही हातांनी सांभाळत, तिरका करून आत नेला, आणि आतून कडी लावली.