अँटेनाभोवतीची हवा

त्या अँटेनाभोवती मी हवाच कमी ठेवली होती. चूक एवढीच, पण ती सापडेपर्यंत गावातला कापूस घरोघरी येऊन पडला.

मी आर्णीकडच्या एका तंत्रनिकेतनात शिकवतो. लेक बंगलोरला अँटेनाचंच काम करते, खऱ्या पगारावर. माझ्या विद्यार्थ्यांनी पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतातली ओल मोजणारं यंत्र केलं होतं. त्याचा अँटेना कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलेल, हे तांबं कापण्याआधी सॉफ्टवेअर सांगतं. माझं सॉफ्टवेअर जरा हात लावला की उत्तर बदलायचं. मग मापं लेकीला कळवली. तिनं तिकडं आपल्या सॉफ्टवेअरमध्ये तोच अँटेना आखला, तर तिसरंच उत्तर.

"बाबा, एका वेळी एकच गोष्ट बदलवा," ती म्हणाली. "दोन बदलवल्या तं फरक कशानं पडला, कसं समजन?"

हा नियम मला फार आवडला. एका संध्याकाळी एक गोष्ट, म्हणजे एका संध्याकाळी एक फोन. एरवी आमचं बोलणं असं: "बरी आहेस?" "हो. आईले द्या." आता अँटेनाच्या तांब्याच्या पट्टीची लांबी झाली, बोर्डाची जाडी झाली. सॉफ्टवेअर अँटेनाचे बारीक तुकडे पाडून गणित करतं, त्या तुकड्यांची जाळी झाली. जाळीचं एका फोनमध्ये आटोपलं असतं. मी ती दोन संध्याकाळी पुरवली.

शेवटी तिनं विचारलं, "भोवतीचा डब्बा केवढा घेतला?"

डब्बा म्हणजे अँटेनाभोवती आखलेली मोकळी जागा. निघालेल्या लहरी तिच्या भिंतीत विरून जायला हव्यात, परत यायला नकोत. जुना संगणक दमू नये म्हणून मी भिंती दोन बोटांवर आणल्या होत्या.

"दोन बोटं? बाबा, त्याले श्वास तं घेऊ द्या! वीतभर तरी मोकळं ठेवा. आजूबाजूले कोणीच नाही असं वाटलं पाह्यजे त्याले."

वीतभर मोकळं केलं. मग डब्बा आणखी वाढवला, जाळी आणखी बारीक केली. उत्तर जागचं हललं नाही. आलेखात तिची रेघ आणि माझी रेघ एकावर एक बसली.

"जमलं बाबा! फोन ठेवू?"

"ठेव," म्हणालो.

विद्यार्थी खुश होणार होते. मी मात्र एखादं माप तपासायचं राहिलं का, ते शोधत बसलो. एकही राहिलं नव्हतं.

बायको शेजारी तुरीच्या शेंगा सोलत होती. रोजचे फोन तिनं तिथूनच ऐकले होते.

"बरोबर आलं ना? मंग तोंड काहून उतरलं?"

"काम संपलं."

तिनं मूठभर शेंगा माझ्यापुढं सरकवल्या. "उद्यापासून काय खाल्लं थे इचारत जा तिले," ती म्हणाली. "त्याचं उत्तर रोज वेगळंच येते."