शिशावरचा उतारा

जगातल्या समस्त धातूंशी एकट्याने वैर मांडलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा महाल भागातल्या एका छापखान्यात जुळारी होते. शिशाच्या अक्षरांचे खिळे उचलून ओळीला ओळ जुळवायची, तीही उलट्या अक्षरांत, पण हात असा चाले की बघणाऱ्याला वाटावं, हे तांदूळ निवडताहेत. शिसं पोटात गेलं की आतडी पिळून काढतं, हे त्यांनी उमेदवारीतच ऐकलं होतं. त्यावर उतारा म्हणून दुपारी सगळ्यांना गुळाचा खडा वाटायची छापखान्याची जुनी रीत होती. बाकीचे तो चहाबरोबर संपवून मोकळे होत. मामांनी त्याचं शास्त्र केलं. गुळाला आवळकाठी जोडली, आवळकाठीला लसूण, लसणाला तीळ आणि वरून ताक. सदऱ्याच्या खिशात गूळ कायमचा, त्यामुळे मुंग्यांशी त्यांचा घरोबाच होता. प्रताप नगरच्या घरी पाहुण्याला पाण्याआधी आवळकाठी मिळे.

आमच्या लग्नात पानं मांडली गेली तरी मामा आचाऱ्याच्या पातेल्यांत डोकं घालून कल्हई तपासत होते. एकाची कल्हई उडालेली दिसली आणि पितळ कढीत उतरेल म्हणून त्यांनी त्यातली सगळी कढी ओतून द्यायला लावली. आमच्याकडची मंडळी फुगून बसली. मामा मात्र निवांतपणे पंगतीत गूळ वाटत फिरले. मला म्हणाले, "कढीचं काय घेऊन बसले, जवाईबापू? आतडं राहिलं तं कढी रोज खासान." तेव्हा मला असा संताप आला होता की विचारू नका.

अशा माणसाचं पोट दुखायला लागलं, तेव्हा त्यांना तो स्वतःचा अपमानच वाटला. त्यांनी गूळ वाढवला, तशी कळ वाढली. डॉक्टर खिळे सोडायला लावील या धास्तीने ते दवाखान्याचं नाव काढू देत नव्हते. खिळ्यांवाचून त्यांना करमतच नसे. रविवारसुद्धा त्यांना जड जाई. शेवटी मामींनी मला बोलावून घेतलं. "हे नुसते कण्हून राहिले, जवाईबापू. माह्यं तं ऐकतच नाहीत. तुम्हीच घेऊन जा."

डॉक्टरांनी गुळापासून ताकापर्यंत सगळं शास्त्र शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हा गूळ खाता केव्हा?"

"काम करता करता. घडी घडी."

"हात धुऊन?"

मामांनी आपल्या काळ्या बोटांकडे पाहिलं. "हात धुवाले उठलो तं ओळ मोडते ना, डॉक्टरसाहेब!"

म्हणजे उताऱ्यालाच शिसं माखून मामा इतकी वर्षं भक्तिभावाने गिळत होते. मला हसू आवरेना. डॉक्टर हसले, आणि पोट धरून मामाही हसले. मग डॉक्टर म्हणाले, "आता खिळ्यांना हात लावायचा नाही." मामांचं हसू तिथेच थांबलं.

छापखान्याचा मालक भला माणूस. त्याने मामांना तिथेच मुद्रितं तपासायला बसवलं. काही महिन्यांनी मी गेलो, तेव्हा मामा चांगले भरले होते, तोंडावर तेज होतं. पलीकडे दुसरेच कोणी खिळे जुळवत होते आणि मामांची नजर सारखी तिकडे जात होती.

"पोट कसं आहे?" मी विचारलं.

"पोट मस्त हाये. मनच नाही लागून राहिलं, जवाईबापू."

मी त्यांच्या हातांकडे पाहतोय हे लक्षात येताच त्यांनी ते टेबलाखाली घेतले. इतके स्वच्छ हात लपवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.