योगिताचं तळं

बमरोलीतला लूमचा कारखाना बंद पडला आणि निंबाच्या हातचं काम गेलं. उभी जवानी मागांच्या खडखडाटात घालवलेला माणूस. धागा तुटला की बघणाऱ्याला कळायच्या आत गाठ मारून मोकळा व्हायचा. 'निंबा कारीगर' म्हटलं की आख्ख्या गल्लीत ओळख होती. त्याची बायको योगिता घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची. शेवटी तिच्या मावसभावानं, सुकदेवनं, दोघांना ओलपाडकडच्या खाडीकाठी बोलावून घेतलं. तिथं एका शेठच्या झिंग्याच्या तळ्यांवर तो राखणदार होता. बांधावर पत्र्याची खोली मिळाली आणि दोघांनाही काम लागलं.

त्यातल्या एका तळ्यात झिंग्याला सारखा रोग पडायचा. कंटाळून शेठनं त्यात शिंपले वाढवायचं ठरवलं. त्यांचं बी, म्हणजे नखाएवढी पिल्लं, खाडीतून गोळा करायचं होतं. ओहोटीला गावातल्या बायकांबरोबर योगिताही चिखलात उतरली. खानदेशातल्या कोरड्या शिवारात वाढलेली बाई, पण तळपायानं चाचपत असे पटापट शिंपले काढू लागली की त्या बायकाही बघत राहिल्या. शेठनं ते तळं तिच्याच हवाली केलं. झिंग्याला दाणा टाकायचं काम निंबाकडं राहिलं.

तेव्हापासून निंबाचं बिनसलं. शेठ गाडीतून उतरला की पहिला प्रश्न, "योगिताबेन क्यां छे?" भरतीला पाणी घ्यायचं दार किती उचलायचं, हे सुकदेवही तिलाच विचारायचा. गावातल्या बायका तिच्याभोवती जमून हसायच्या. ते हसणं ऐकलं की निंबाला वाटायचं, आपल्यालाच हसतायत.

"चिखलमा दगडं पेरी राहिनी का वं?" तो टोचून बोलायचा.

"दगड नही, जीव शे त्यामा," ती म्हणायची आणि परत कामाला लागायची. तिला राग येत नाही, याचाच त्याला जास्त राग यायचा. हे तळं फसावं, असं तो मनातल्या मनात म्हणू लागला.

पेरलेलं बी खेकडे फोडून खातात, म्हणून तळ्याच्या बुडाशी त्यावर जाळी अंथरलेली होती. एकदा शहरात, पर्वत पाटियाला, योगिताच्या भाचीचा, वैशालीचा, साखरपुडा निघाला. सुकदेव आणि योगिता गेले, निंबा राखणीला मागं राहिला. निघताना ती म्हणाली, "पाणी उतरलं की जाळीकडं एक नजर टाका."

दुपारी पाणी उतरलं तशी निंबानं नजर टाकली. एका कोपऱ्यात जाळी फाटली होती आणि खेकडे एकामागं एक आत शिरत होते. खोलीत सुई होती, दोरा होता, आणि गाठी मारणं तर त्याच्या बोटांतच होतं. तो बांधावर बसून राहिला. आता बघू शेठ कोणाला बेन म्हणतो ते, या विचारानं त्याला बरंसुद्धा वाटलं. भरतीचं पाणी चढून तो कोपरा झाकला गेला, तसा तो उठून दाणा टाकायला गेला.

दुसऱ्या दिवशी योगिता तळ्यात उतरली आणि ओंजळभर फुटक्या कवच्या घेऊन तिथंच चिखलात बसली. रडताना तिचा आवाजही निघत नव्हता. मग तिनं शेठला फोन लावला. निंबा पलीकडंच उभा होता. "चूक माझीच आहे शेठ," ती सांगत होती, "तळं टाकून मी जायलाच नको होतं. त्यांचा काही दोष नाही, त्यांना त्यातलं कळत नाही."

शेवटचं वाक्य निंबाला जिव्हारी लागलं. ती त्याला पाठीशी घालत होती, आणि तेही तो अडाणी आहे असं समजून. तिनं फोन ठेवताच तो म्हणाला, "माले दिसनं व्हतं."

"काय?"

"जाळी फाटेल व्हती. खेकडे. समदं दिसनं व्हतं."

"काबर?" एवढंच तिनं विचारलं.

"समदं तुनंच होई ग्यं, म्हनीसन."

ती खोलीत गेली, सुईदोरा आणून त्याच्या पुढ्यात टाकला आणि पाठ फिरवून निघून गेली. निंबा कमरेइतक्या पाण्यात उतरला. फाटका कोपरा तर त्यानं सांधलाच, पण पुढं रोज उतरून सगळी जाळी हातानं चाचपली आणि विरलेलं प्रत्येक घर नव्यानं बांधलं. ती मात्र भाकरी वाढण्यापुरतीच बोलायची.

तरी बरंच बी वाचलं होतं. शिंपले मोठे झाल्यावर पाणी काढलं तेव्हा टोपल्या भरून शिंपले निघाले. शेठनं सगळ्यांसमोर योगिताचं कौतुक केलं. निंबा टोपली धरून उभा होता. तिनं आपलंही नाव घ्यावं, असं त्याला फार वाटलं. तिनं घेतलं नाही. पण त्या दुपारची गोष्टही तिनं आजवर कोणाला कळू दिलेली नाही, शेठला नाही की सख्ख्या बहिणीलाही नाही.

यंदा शेठनं दुसऱ्या तळ्यातही बी टाकलं आणि ते तळं निंबाला दिलं. अडलं की तो तिलाच विचारतो आणि ती सांगते. पण ती गावात गेली की तो हळूच तिच्या तळ्यात उतरतो, एक शिंपला काढतो आणि आपल्या तळ्यातल्या शिंपल्याशेजारी तळहातावर ठेवून बघतो. अजून तरी तिचाच मोठा भरतो.