पत्रात तहाचं नाव नव्हतं

राणीच्या सिनेमाचं ते प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. चेन्नईत टी. नगरच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात मी इन्स्पेक्टर होतो आणि आमच्या हद्दीतल्या थिएटरात तो ऐतिहासिक सिनेमा लागला होता. त्यातली राणी परक्यांशी तह करून राज्य वाचवते आणि नालायक निघालेल्या पोटच्या मुलाला डावलून सावत्र मुलाला गादी देते. तहावरून प्रेक्षकांत दोन तट पडले. काहींना ती शहाणी वाटे, काहींना फितूर. खेळ सुटला की फाटकावर हमरीतुमरी ठरलेली.

एका शुक्रवारी थिएटरच्या तक्रारपेटीत तमिळमध्ये लिहिलेलं निनावी पत्र सापडलं. रविवारी खेळ लावलात तर पडदा पेटवू, अशी धमकी होती. मॅनेजरची फिर्याद घेऊन गुन्हा नोंदवला. दुपारी खबऱ्याचा फोन आला. फाटकावर राणीविरुद्ध घोषणा देणारा, सिरुसेरीच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करणारा एक तरुण इंजिनियर ‘पडदा शिल्लक ठेवणार नाही’ असं बोलला होता. वरून दबाव होताच. त्याला घरातून, वडिलांदेखत उचललं.

चार तास मी त्याला तेच ते विचारलं. बोललो, पण लिहिलं नाही, एवढंच तो सांगत राहिला. हस्ताक्षर जुळेना. मी म्हटलं, दुसऱ्याकडून लिहून घेतलं असेल.

शनिवारी सकाळी त्याचा जबाब आणि पत्र शेजारी ठेवून वाचलं. जबाबात पानभर तहच होता. पत्रात तहाचं नावही नव्हतं. पोटच्या मुलाला टाकणाऱ्या बाईला थोर म्हणू नका, एवढंच दोनदा लिहिलं होतं.

दारावरच्या तिकीट तपासनिसाला विचारलं, मुलाच्या गोष्टीवरून कोणी भांडलं होतं का? त्याला आठवत होतं. एक वयस्कर बाई आणि तिचा पन्नाशीचा मुलगा मध्यंतरात बोलाचाली करून निघून गेले होते. मुलगा नंतर दोनदा एकटाच आला होता. ऑनलाइन तिकिटाच्या नोंदीतून त्याचा फोन नंबर मिळाला.

तो गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात लेथ चालवायचा. कारखाना त्याच्या वारलेल्या वडिलांचा. कारभार मुलाकडे असताना त्याच्या हलगर्जीपणामुळे एका कामगाराची बोटं गेली, तेव्हा आईनं तो काढून सावत्र मुलाकडे दिला होता. माणूस माझ्यासारखाच तंजावूरकडच्या मराठी घरातला. पत्र समोर ठेवून मी आमच्या घरच्या बोलीत विचारलं, आई सिनेमा बघून काय म्हणाली?

त्यानं पत्र उलटं करून ठेवलं. मग म्हणाला, “अम्मा म्हणाली, राणीनं बरोबर केलं. माझ्याकडे बघून म्हणाली, सार.”

त्यानं गुन्हा कबूल केला. अक्षरही जुळलं. रविवारचा खेळ शांतपणे पार पडला. जामिनाला त्याची आईच उभी राहिली. ‘राणीनं बरोबर केलं’ हा शब्द मात्र तिनं मागे घेतला नाही.

इंजिनियरला शनिवारीच सोडलं होतं. आठवड्यानं मी माफी मागायला त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, “तुम्ही आलात, बरं केलंत. पण अप्पांच्या समोर मला जीपमध्ये बसवलंत. ते त्यांना अजून झेपलेलं नाही.”

संतापलेला माणूस ओळखणं म्हणजे पोलिसी नजर, असं मी इतकी वर्षं समजत होतो. फाटकावर ओरडणारा तर कोणालाही दिसतो. मी कागद वाचण्याआधी माणूस उचलला होता. पुढची दोन वर्षं आमच्या ठाण्यात कागद आधी दोनदा वाचला जाई, मगच जीप निघे.